चार स्वभाव, एक घर: ख्रिस्ती कुटुंबातली नाती सुधारण्याची सहा आठवड्यांची रीत

लाजर वारल्यावर त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया येशूला वेगवेगळ्या वेळी भेटल्या, पण दोघींच्या तोंडून एकच वाक्य निघालं: प्रभू, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता (योहान ११:२१ आणि ३२). मार्थेशी येशू बोलला. त्यानं तिला पुनरुत्थानाचं सांगितलं, तुझा विश्वास आहे का म्हणून विचारलं, आणि तिनंही ठाम उत्तर दिलं. मरीयेला मात्र त्यानं काही समजावलं नाही. तिला रडताना पाहून तो कळवळला, त्याला कुठं ठेवलंय एवढंच विचारलं, आणि रडला. भाऊ एक, दुःख एक, तक्रारही एक. तरी एकीला उत्तर हवं होतं आणि दुसरीला सोबत.

पुढची सगळी रीत या अध्यायावर उभी आहे. स्वभावाचे प्रकार शिकायचे ते समोरच्याला आपल्याकडून काय हवंय हे कळावं म्हणून, आणि आपल्या स्वभावानं त्याला कुठं बोचतं हे दिसावं म्हणून. ‘मी असाच आहे, मला असंच घ्या’ असं म्हणण्यासाठी प्रकार शिकणार असाल, तर न शिकलेलं बरं.

कोणतं माप घ्यावं

मोबाइलवर चाचण्यांचा सुकाळ आहे. सोळा प्रकारांची एमबीटीआय ही मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या मांडणीवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी बेतली. काही आठवड्यांनी तीच चाचणी परत भरली की पुष्कळांचा प्रकार बदललेला निघतो, म्हणून तिच्या निकालावर लग्न, नोकरी किंवा मंडळीतली जबाबदारी ठरवू नये. मानसशास्त्राच्या संशोधनात ‘बिग फाइव्ह’ जास्त चालतं. त्यात माणसाला खणात टाकत नाहीत. पाच गुण कमी-जास्त पट्टीवर मोजतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून असंही दिसतं की अशा गुणांमधला सुमारे ४० ते ५० टक्के फरक जन्मतः येतो. म्हणजे नवऱ्याचा अबोलपणा लग्नानंतर सहा महिन्यांत घालवीन म्हणणारी बायको, किंवा बायकोचा काटेकोरपणा रागावून घालवू पाहणारा नवरा, दोघं भिंतीवर डोकं आपटत असतात. उरलेला वाटा घडण्याचा, सवयीचा असतो, आणि काम तिथं करायचं असतं.

घरासाठी आम्ही चार स्वभावांची जुनी विभागणी सुचवतो. ती ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटस आणि पुढे गेलेन यांच्या परंपरेतली. शरीरातल्या चार रसांवरून स्वभाव ठरतो अशी त्यांची समजूत होती. रसांची ती कल्पना वैद्यकानं केव्हाच टाकून दिली, आणि पवित्र शास्त्रातही चार स्वभाव कुठं सांगितलेले नाहीत, हे आधीच लक्षात असू द्या. तरीही विभागणी कामाची आहे, कारण चारच नावं आजीलाही लक्षात राहतात आणि जेवताना बोलता येतात. सोळा प्रकारांची इंग्रजी अक्षरं घरातल्या एकालाच पाठ होतात, आणि मग तो एकटा बाकीच्यांचा परीक्षक होऊन बसतो.

हे ज्योतिषासारखं तर नाही ना, ही शंका वडीलजनांकडून हमखास येते आणि ती रास्त आहे. इथं जन्मतारीख लागत नाही, भविष्य सांगायचं नसतं. रोजचं वागणं बघायचं असतं. पण स्थळ बघताना ‘मुलगी फ्लेग्मॅटिक (शांत) आहे, मुलगा कोलेरिक (धडाडीचा) आहे, जमेल’ असं कुणी म्हणू लागलं, तर पत्रिका मागच्या दारानं घरात आली म्हणून समजा. तिथंच थांबवा.

चौघांची ओळख

बोलका (सँग्विन) माणूस खोलीत शिरला की कळतं. त्याला माणसं हवीत, दाद हवी. उपासना संपल्यावर चर्चच्या दारात शेवटपर्यंत हाच उभा असतो. तो शब्द मनापासून देतो आणि मनापासूनच विसरतो. नीतिसूत्रे २७:१४ मध्ये भल्या पहाटे शेजाऱ्याला मोठ्यानं आशीर्वाद देणाऱ्याबद्दल म्हटलंय की तो आशीर्वाद शाप गणला जाईल. बोलक्या माणसानं हे वचन आपल्यासाठी लिहिलंय असं धरून चालावं. प्रेमालाही वेळ आणि आवाज असतो.

धडाडीचा (कोलेरिक) माणूस काम हातावेगळं करतो. निर्णय पटकन घेतो, उशीर खपत नाही, आणि त्याचा राग येतो तसा जातो. आपला गेला म्हणजे समोरच्याचाही गेला असं तो धरून चालतो. सगळी गडबड इथंच होते.

विचारी (मेलँकॉलिक) माणसाची ओळख बहुतेक घरांत चुकते. त्याला रडव्या, खडूस, संशयी म्हणतात. खरं तर त्याला नीटनेटकं हवं असतं, दिलेला शब्द पाळलेला हवा असतो, आणि बोललेलं वाक्य त्याच्या मनात आठवडाभर राहतं. तुम्ही सहज म्हणालात ‘एवढं पण जमत नाही’, आणि विषय संपला. त्याचा विषय तिथं सुरू होतो. असा माणूस खचला की त्याला उपदेश करायची घाई होते. एलिया संदेष्ट्याचं बघा (१ राजे १९). रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागत होता. देवदूतानं त्याला झापलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. ‘तू इथं काय करतोस’ हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटेनंतर आला. क्रम लक्षात ठेवा: आधी जेवण, मग झोप, प्रश्न सगळ्यात शेवटी.

शांत (फ्लेग्मॅटिक) माणसावर घरात सगळे खूश असतात आणि त्याचं कुणीच ऐकत नाही. तो ‘चालेल’ म्हणतो. त्याच्या ‘चालेल’चे दोन अर्थ असतात: एक खरंच चालेल, दुसरा ‘भांडण नको म्हणून चालेल’. दुसरा साचत जातो. वर्षानुवर्षं गप्प बसलेला शांत माणूस एक दिवस ताट सारून उठतो किंवा वेगळं राहायचं ठरवून टाकतो, आणि घरच्यांना वाटतं अचानक झालं. खरं तर त्या दिवसापर्यंत त्याला कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नसतं.

बहुतेक माणसांत दोन स्वभाव मिसळलेले असतात, एक ठळक आणि एक मागे. घरात एक आणि कामावर दुसरा असंही होतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर माणसांना कामाला लावणारा गडी घरी येऊन तोंड उघडत नसेल, तर तो शांत स्वभावाचा असेलच असं नाही. तो दमलेला असेल.

आपल्या भागातली एक मोठी गल्लत

बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं, पुढे मेथडिस्ट मंडळी आली. कॅथलिक धर्मप्रांत १९५३ सालचा. खानापूर, लोंढा या पट्ट्यात गोव्याकडून आलेली कोंकणी बोलणारी घरं आहेत, तर चिकोडी-निपाणीकडे एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. अशी घरं एकमेकांत सोयरीक करतात. त्यामुळे स्वभाव म्हणून जे दिसतं, ते पुष्कळदा भाषेचं असतं.

धारवाडकडची सून मराठी घरात आली की पहिलं वर्ष-दोन वर्षं तिची वाक्यं तुटक असतात. ‘हे नको. ते द्या.’ एवढंच बोलता येतं म्हणून ती तेवढंच बोलते, आणि सासरी ठरतं की सून धडाडीची आहे, उद्धट आहे. उलट माहेरी गप्पांत पुढं असणारी मुलगी इथं मुकी होते आणि ‘स्वभावानं शांत’ म्हणून नावाजली जाते. म्हणून नियम असा ठेवा: माणूस ज्या भाषेत स्वप्नं बघतो, भांडतो आणि प्रार्थना करतो, त्या भाषेत त्याला निदान तीनदा ऐकल्याशिवाय त्याचा स्वभाव ठरवू नका. सुनेला तिच्या आईशी फोनवर बोलताना ऐका, अर्थ नाही कळला तरी चालेल. आवाज, वेग आणि हसणं कळतं. घरच्या प्रार्थनेत तिला कन्नडात किंवा कोंकणीत प्रार्थना करू द्या. एवढ्यानंच पुष्कळ घरांतला निम्मा गैरसमज जातो.

पहिला आठवडा: फक्त स्वतःची वही

एक नातं निवडा. नवरा-बायको, सासू-सून, दोन भाऊ, किंवा मंडळीतले दोघं. एका वेळी एकच. सगळं घर एकदम सुधारायला निघालात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल.

शंभर पानी वही पुरे. रोज रात्री पाच-सात ओळी, आणि त्या फक्त स्वतःच्या वागण्याच्या. येशूनं डोळ्यातल्या कुसळ-मुसळाचं सांगितलं (मत्तय ७:३-५), त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी आपलं मुसळ. काय लिहायचं ते एका नोंदीवरून कळेल.

‘मंगळवार, रात्री साडेनऊ. मुलाच्या फीचा विषय काढला. ते म्हणाले, बघू. मी परत विचारलं, परत विचारलं. ते उठून गच्चीवर गेले. मी आईला फोन लावला.’

या नोंदीत वेळ आहे, विषय आहे, कोण काय म्हणालं आहे, आणि आपण काय केलं तेही आहे. हीच गोष्ट ‘ते नेहमीसारखे बेजबाबदार वागले’ अशी लिहिली असती तर उपयोग शून्य. तो निकाल झाला, नोंद नाही. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘मुद्दाम’ हे तीन शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत.

सात दिवसांनी नोंदी वाचा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. अडचण आली की मी आवाज चढवतो, निघून जातो, गप्प बसतो की विषय बदलतो? मला सगळ्यात जास्त काय झोंबलं: उशीर, दुर्लक्ष, चूक की वादावादी? आणि शांत झाल्यावर मी काय केलं? धडाडीच्या माणसाला उशीर झोंबतो, बोलक्याला दुर्लक्ष, विचारी माणसाला चूक आणि मोडलेला शब्द, शांत माणसाला वादावादी. इथून आपला स्वभाव बऱ्यापैकी कळतो.

दुसरा आठवडा: समोरच्याकडे बघणं

आता त्याच वहीत समोरच्याच्या नोंदी, पण फक्त जे डोळ्यांना दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढं. तो कधी खुलतो, कुणाशी बोलताना खुलतो, दमल्यावर एकटा बसतो की माणसांत जातो. गोव्यात किंवा पुण्यात नोकरीला असलेला माणूस शनिवारी रात्री घरी येतो. त्याच्या पहिल्या दोन तासांवरून त्याचा स्वभाव ठरवू नका आणि त्या दोन तासांत कुठलाही अवघड विषयही काढू नका.

वही लपवून ठेवायची गरज नाही, पण समोरच्याबद्दल काही लिहिलंय हे त्याला तुमच्याच तोंडून कळायला हवं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सांगून टाका. लपवलेली वही सापडली की सहा महिने कुणी कुणाशी मोकळं बोलत नाही.

तिसरा आठवडा: विचारायचं, सांगायचं नाही

इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात. दोन आठवडे अभ्यास झालेला असतो, निष्कर्ष तोंडावर आलेला असतो, आणि ‘तू विचारी स्वभावाची आहेस, म्हणून तू एवढी धरून बसतेस’ असं वाक्य बाहेर पडतं. झालं! समोरच्याला आपलं निदान झाल्यासारखं वाटतं, आणि निदान कुणालाच आवडत नाही.

त्याऐवजी आधी स्वतःचं सांगा: ‘मी आठवडाभर लिहून बघितलं. माझं असं होतंय की उशीर झाला की मी आवाज चढवतो. तुला तेव्हा काय वाटतं?’ मग चारही स्वभाव दोन-दोन वाक्यांत सांगा आणि ‘तुला तुझं कुठलं वाटतं?’ असं विचारा. त्यानं स्वतःला जे म्हटलं ते मान्य करा, तुमच्या वहीत वेगळं आलं असलं तरी. स्वतःचा स्वभाव ठरवायचा हक्क त्याचा.

सासूबाई, मामंजी, आजोबा यांच्यापुढे प्रकारांची नावं काढूच नका. ‘आई, स्वयंपाकघरात मी काही बदललं की तुम्हाला आधी सांगितलेलं बरं वाटतं की नंतर बघितलेलं?’ असा एक साधा प्रश्न पुरतो. उत्तरातून सगळं कळतं आणि मानही राखला जातो.

आठवड्याची बैठक

तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं. रविवार नको, रविवारी उपासना किंवा मिस्सा, मग पाहुणे, मग जेवणाची धांदल. बुधवार-गुरुवार रात्रीची जेवणं आवरल्यावर बरं पडतं. घरात स्वतंत्र खोली नसेल तर गच्ची, अंगण, नाहीतर शहरात राहणाऱ्यांना किल्ला तलावाकाठची फेरी. बोलक्या आणि शांत माणसांना चालता चालता जास्त मोकळं बोलता येतं, कारण समोरासमोर बघावं लागत नाही. फोन घरी.

पहिली पाच मिनिटं एक छोटा उतारा आणि प्रार्थना. मग दहा मिनिटं एक जण बोलेल, दुसरा मध्ये एक शब्दही बोलणार नाही. मग दहा मिनिटं दुसरा. याकोब १:१९ मध्ये ऐकायला तत्पर आणि बोलायला मंद असावं म्हटलंय ते घरात असंच, घड्याळ लावून शिकावं लागतं. त्यानंतरच्या दहा मिनिटांत एकच निर्णय, तारीख आणि आकड्यासकट. शेवटची पाच मिनिटं प्रार्थना.

आधी कोण बोलणार हे स्वभावावरून ठरवा. शांत आणि विचारी माणूस आधी. धडाडीचा आधी बोलला तर शांत माणूस ‘मग झालं की, तसंच करू’ म्हणून मोकळा होतो आणि बैठकीचा अर्थच जातो. विचारी माणसाला विषय आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐनवेळी विचारलं तर तो अडखळतो, आणि खरं उत्तर त्याला रात्री दोन वाजता सुचतं.

प्रार्थनेबद्दल जरा जपून. जोडप्यांच्या प्रार्थनेत एक वाईट सवय शिरते: ‘प्रभू, माझ्या नवऱ्याला समज दे, त्याचा राग काढून टाक.’ डोळे मिटलेले असतात, पण वाक्य देवाकडे न जाता शेजारी बसलेल्याकडे जातं. एकत्र प्रार्थनेचा नियम पक्का ठेवा: मागायचं ते स्वतःसाठी, आणि समोरच्यासाठी फक्त आभार. त्याच्यासाठी मागणं असेल ते एकांतात मागा. वचनांचंही तसंच. इफिसकरांस ५:२२ (पत्नीनं पतीच्या अधीन असावं) बायकोला ऐकवणाऱ्यानं त्याआधीचं २१ (एकमेकांच्या अधीन असा) आणि पुढचं २५ (पतींनो, पत्नींवर प्रीती करा) स्वतःला आधी वाचून दाखवावं.

चौथा आणि पाचवा आठवडा: एकच सवय

प्रत्येकानं आपली एक सवय निवडायची. आत्म्याचं फळ (गलतीकरांस ५:२२-२३) नऊ पदरांचं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. आपल्या स्वभावाला यातलं काही सोपं जातं, त्याचं कौतुक करून घेऊ नका. शांत माणसाची शांती बऱ्याचदा नुसता स्वभाव असतो. जे अवघड जातं तिथं आत्म्याचं काम दिसतं.

धडाडीच्या माणसानं सौम्यता घ्यावी. रोजच्या भाषेत: हुकमाऐवजी प्रश्न, आणि उत्तरासाठी पाच सेकंद थांबणं. पाच सेकंद फार वाटतात, मनात मोजा. बोलक्यानं विश्वासूपणा: दिलेला प्रत्येक शब्द त्याच क्षणी वहीत किंवा फोनमध्ये, आणि दिवसाला दोनापेक्षा जास्त शब्द द्यायचे नाहीत. विचारी माणसानं आनंद: रोज रात्री त्या दिवशी बरी झालेली एक गोष्ट त्या माणसाला तोंडानं सांगायची, आणि दोन आठवडे जुनं काढायचं नाही. शांत माणसासाठी सगळ्यात कठीण काम आहे. इफिसकरांस ४:१५ मध्ये प्रीतीनं सत्य बोलायला सांगितलंय. त्यानं दिवसातून एकदा ‘मला हे नको आहे’ किंवा ‘मला हे हवं आहे’ एवढं एक वाक्य बोलायचं. भाजी कोणती, यावरून सुरुवात केली तरी चालेल.

बोलण्याची पद्धत कशी बदलते ते नाताळाच्या खर्चावरून बघू. बायको विचारी, नवरा बोलका. आधीचं बोलणं असं:

‘तुम्हाला काय, सगळ्यांना जेवायला या म्हणून सांगायला होतंय. मागचं निस्तरायचं मला.’

‘सणासुदीला तुझं हे रडगाणं असतंयच की.’

तेच बोलणं पाचव्या आठवड्यात:

‘तुम्ही माणसं बोलावता ते मला आवडतं. मला धास्ती वाटते ती आकड्याची. किती ताटं होतील तेवढं रविवारपर्यंत सांगा की. नेवऱ्यांचं सामान त्यावर आणायचं आहे.’

‘पंचवीस धर.’

‘आणि वर गेले तर?’

‘आधी तुला विचारतो, मगच बोलावतो.’

पहिल्या वाक्यात त्याच्या स्वभावाचा मान राखलाय, दुसऱ्यात स्वतःची भीती सांगितलीय आणि त्यात ‘तुम्ही’ हा शब्द नाही, तिसऱ्यात मागणी आहे, मुदतीसकट. बोलक्या माणसाला आधी दाद मिळाली की तो ऐकतो. समोर धडाडीचा नवरा असता तर पहिलं वाक्य गाळून थेट आकड्यावर यावं. शांत असता तर ‘किती?’ म्हणून विचारू नये. ‘वीस की पंचवीस?’ असे दोन पर्याय ठेवून उत्तरासाठी सकाळपर्यंत मुदत द्यावी.

भांडण झालंच तर

आवाज चढले, छातीत धडधड वाढली की पुढचं बोलणं वाया जातं. त्या अवस्थेत माणसाला ऐकूच येत नाही. थांबा, पण परत यायची वेळ सांगून थांबा: ‘मला अर्धा तास दे, दहा वाजता बोलू.’ वीस मिनिटांपेक्षा कमी थांबलात तर अंग शांत झालेलं नसतं. वेळ न सांगता निघून गेलात तर विचारी माणसाला वाटतं आपल्याला टाकून गेला. विश्रांतीत मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसू नका. भांडी घासा, पाणी भरा, चाला.

सूर्य मावळायच्या आत राग सोडा (इफिसकरांस ४:२६) या वचनावरून काही घरांत रात्री एक वाजेपर्यंत भांडण मिटवत बसतात, आणि दमलेली माणसं आणखी वाईट बोलतात. राग सोडणं आणि विषय संपवणं वेगळं. झोपण्याआधी दोन वाक्यं पुरेत: ‘मी तुझ्यावर रुसून झोपत नाही. हा विषय उद्या संध्याकाळी सातला.’ आणि उद्या सातला खरंच बसा.

माफी मागताना काय केलं ते नेमकं सांगा, त्यानं समोरच्याला काय झालं ते सांगा, पुढे काय करणार ते सांगा, आणि ‘पण’ शब्द वापरू नका. ‘चुकलं, पण तूही…’ ही माफी नव्हे. धडाडीच्या माणसानं माफी मागून झाल्यावर लगेच ‘झालं ना आता?’ विचारू नये. विचारी माणसाला क्षमा करायला दिवस लागतात. त्याचा गंभीर चेहरा म्हणजे क्षमा नाकारणं नाही.

जिथं ही रीत वापरायची नाही

मारहाण, दारूतला दंगा, पैसे हिसकावणं, घराबाहेर पडू न देणं, माहेरून पैसे आणायला लावणं, हे स्वभावाचे प्रश्न नाहीत. ‘तो कोलेरिक आहे, समजून घे’ असं कुणी म्हणालं, मग ते मंडळीतलं कितीही मोठं माणूस असो, ऐकू नका. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ सालचा आहे आणि तो ख्रिस्ती घरांनाही लागू आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल तर तो विचारी स्वभाव नव्हे, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. प्रार्थना चालू ठेवा आणि औषधही.

मुलांना तर कुठलंही नाव चिकटवू नका. ‘आमचा धाकटा शांतच आहे’ हे दहादा ऐकलेलं मूल वर्गात हात वर करायचं बंद करतं.

सहावा आठवडा आणि पुढे

पहिल्या आणि पाचव्या आठवड्याच्या नोंदी शेजारी ठेवा. भांडणं कमी झाली का, हे बघू नका. शांत माणूस बोलू लागला की भांडणं आधी वाढतात, आणि ते चांगलं लक्षण आहे. तुटल्यावर परत बोलायला किती वेळ लागतो ते बघा. पूर्वी तीन दिवस अबोला असायचा आणि आता एक रात्र, तर रीत लागू पडतेय. तीच बैठक पुढे महिन्यातून दोनदा चालू ठेवा.

मंडळीतल्या कामातही हेच. पौल आणि बर्णबा यांचं मार्कावरून इतकं वाजलं की दोघं वेगळ्या वाटांनी गेले (प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१). पौलाला काम सोडून गेलेला माणूस नको होता, बर्णबाला माणूस सोडायचा नव्हता. दोघांच्या स्वभावाचा विचार केला तर दोघांचंही समजतं. पुढे पौलानंच मार्काला बोलावून घेतलं, तो उपयोगी आहे म्हणून (२ तीमथ्य ४:११). गायकगटात किंवा कमिटीत दोघांचं जमत नसेल तर त्यांना काही महिने वेगळी कामं देणं हा पराभव नाही. हिशोब विचारी माणसाकडे, पाहुण्यांचं स्वागत बोलक्याकडे, तंबू-मांडव-जेवणाची व्यवस्था धडाडीच्याकडे, आजाऱ्यांच्या भेटी शांत माणसाकडे द्या.

सहा आठवड्यांनंतरही काहीच हललं नसेल, तर मत्तय १८:१५-१६ चा क्रम घ्या: आधी एकट्यानं, मग एक-दोघांना घेऊन. फिलिप्पैकरांस ४:२-३ मध्ये पौलानं युवदीया आणि सुंतुखे या दोघींसाठी तिसऱ्या माणसाची मदत मागितली. तिसरा माणूस निवडताना तीन गोष्टी बघा: तो दोघांचाही जवळचा नातलग नसावा, दोघांची भाषा त्याला यावी, आणि ऐकलेलं त्याच्या घरच्यांपर्यंतही जाऊ नये. पाळक किंवा फादर यांच्याकडेच जायला हवं असं नाही. त्यांच्यावर सगळ्या मंडळीचा भार असतो, आणि एका बाजूशी त्यांचं जुनं नातंही असू शकतं. त्या तिसऱ्या माणसासमोर जाताना वही घरी ठेवा. अलीकडचा एकच प्रसंग निवडा, तो दोघांनी आपापल्या तोंडानं पाच-पाच मिनिटांत सांगा, आणि त्यानं पहिला प्रश्न शांत माणसाला विचारावा असं त्याला आधीच सांगून ठेवा.